गयामाय आणि बोटांतला डोळा

ये गं अश्विनी, अशी जवळ सरक. पुण्यात बसून कशी जवळ सरकू म्हणशील, तर हा कागद पुढ्यात धर म्हणजे झालं. आधी मी तुला रागावणार आहे आणि मग गोष्ट सांगणार आहे. उलटं केलं तर गोष्ट ऐकून तू फोन ठेवतेस तशी कागद ठेवून पळशील, ओळखून आहे मी तुला.

साडेतीन वर्षांच्या लेकराला चौकोन काढता येत नाही म्हणून परवा तू रडलीस. शाळेतल्या बाईंनी वहीत लाल शाईनं काहीतरी लिहिलं, एवढंच. डॉक्टरला डोळे दाखवून आणलेस ते बरं केलंस, आणि त्यांनी डोळे चांगले आहेत असं सांगितलंही. मग शिकवणी कशाला लावलीस? अगं, तुझ्या आईला, माझ्या लेकीला, सहावं सरेपर्यंत शंकरपाळ्याचा आकार काढता येत नव्हता. काढायला जायची आणि बटाटा व्हायचा. त्याच बाईनं पुढे तुला इंजिनिअर केलं. आणि तू लेकराच्या हातात पेन्सिल देऊन त्याच्या मानेवर बसलीस. लाज वाटू दे थोडी.

झालं माझं रागावून. आता ऐक.

मी शिकले चौथीपर्यंत. पुढचं जे काय आलं ते किराणा बांधून आलेल्या कागदांवरचं वाचून आलं. पण लेकराला आकार कसा दिसायला लागतो, हे मला विचार. मला ते गयामायनं शिकवलं, आणि तिला तर सहीसुद्धा येत नव्हती. ती अंगठा द्यायची. त्याच अंगठ्यानं तिनं शाळा चालवली.

जिंतूर आणि चारठाण्याच्या मधलं आपलं गाव तू पाहिलंयस. मोठा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या साली आपल्या बौद्धवाड्यातल्या समाजमंदिरात बालवाडी आली. चौथी पास झालेली सून मी एकटीच, म्हणून मी बालवाडीची बाई झाले. वय वीस, अंगावर एकच चांगलं लुगडं आणि तोंडात शब्द नाही. मदतनीस म्हणून नेमली गयामायला. तिचं काम म्हणजे लेकरांना गोळा करून आणायचं, पाणी भरायचं, खाऊ शिजवायचा आणि जमीन सारवायची. मी हजेरी लिहायची आणि शिकवायचं. कागदावर असं होतं. गावात सगळ्यांना ठाऊक होतं की शिकवते कोण.

गयामाय उंच, काटकुळी, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. उजव्या हाताचा अंगठा भाकरी थापून थापून असा रुंद झालेला, की पसाभर पीठ त्याच्यावर मावेल असं लेकरं म्हणायची. जिंतूरच्या बाजारात वांगी घ्यायची तर डोळे मिटून घ्यायची. वांगीवाला म्हणायचा, "माय, बघून घे की." ती म्हणायची, "बघायलेच की. तू गप ऱ्हा." आणि बोटांनी चाचपून कीड लागलेलं वांगं बरोब्बर बाजूला काढायची.

लेकरांना ती अरेतुरे करायची नाही. दोन वर्षांचं शेंबडं पोर दारात आलं तरी म्हणायची, "या पाव्हणं, बसा." ते पाव्हणं मग नाक पुसून, मोठ्या माणसासारखं मांडी घालून बसायचं. आणि लेकरू कशाशी झटायला लागलं, गाठ सुटेना, डब्याचं झाकण बसेना, आणि मी मदतीला धावले की तिचा एकच शब्द यायचा. "सबूर." लेकराला नव्हे, मला.

वरून बालवाडीला एक लाकडी पेटी आली होती. आत रंगवलेले ठोकळे होते, गोल, तिकोनी, चौकोनी, आणि आकारांची चित्रं काढलेली पुठ्ठ्याची पानं. मी ती पेटी कुलपात ठेवली. लेकरांनी ठोकळे हरवले तर मला भरून द्यावे लागतील अशी भीती. आठवड्यातनं एकदा पेटी उघडायची, ठोकळा लांबून दाखवायचा आणि म्हणायला लावायचं, "हा तिकोन." लेकरं म्हणायची तिकोन, आणि बघायची खिडकीतल्या चिमणीकडे.

एक दिवस एका आईनं कडेवरचं आठ महिन्यांचं तान्हं जरा वेळ आमच्यात सोडलं. ते रांगत गेलं, तिकोनी ठोकळा उचलला आणि सरळ तोंडात घातला. मी झडप घातली. गयामायनं माझं मनगट धरलं.

"राहू दे. बघायलंय ते."

"खायलंय की गयामाय, लाळ लागली त्याला."

"धुवून घेऊ. पण नीट बघ, टोक कसं जिभेला लावून लावून बघायलंय. तान्ह्या लेकराचा डोळा तोंडात असतो. रांगून चालायला लागलं की तो बोटांत उतरतो. मग लय सावकाश चढत चढत कपाळाखाली येतो, शाळेत जायच्या वयाला. तू वरच्या डोळ्याला दाखवायलीस. तिथं अजून कुणी ऱ्हायला आलं न्हाई."

मी विचारलं, मग मोठ्या माणसाचा डोळा कुठं असतो? ती पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, "मोठं माणूस कानानं बघतंय. चार लोक सांगतील तेच त्याला दिसतंय."

वहीतली लाल शाई वाचलीस तेव्हा तू कशानं बघत होतीस, सांग मला.

त्या दिवशी तिनं माझ्याकडनं किल्ली घेतली आणि परत दिली नाही. पण तिची खरी पेटी वेगळी होती. दर सोमवारी ती समाजमंदिराची जमीन शेणानं सारवायची. सारवण ओलं असतानाच उजव्या अंगठ्यानं त्यात खोल रेघा ओढायची. इकडे एक मोठा गोल, तिकडे तिकोन, दाराशी चौकोन. वाळलं की रेघांत पांढरी माती भरायची. लेकरं अनवाणी त्या रेघांवरनं चालायची, पाऊल चुकलं की परत पहिल्यापासनं. बसून बोट फिरवायची. गोलाला ती म्हणायची भाकर, चौकोनाला पाट, आणि तिकोनाला चूल. तीन धोंडे मांडले की चूल होते ना, तशी. तीन लेकरांना तीन कोपऱ्यांत उभं करायची, मधे पातेलं धरायची आणि एका धोंड्याला म्हणायची, "पाव्हणं, जरा बाजूला व्हा." धोंडा सरकला की पातेलं धाडकन खाली. हसून हसून लेकरांची पोटं दुखायची. तिकोनाला तीनच कोपरे लागतात, एक कमी करून चालत नाही, हे मी पाठ करून घेतलं असतं तर वर्ष गेलं असतं.

तिची नात होती सुमी, चार वर्षांची. मुलगा आणि सून दरवर्षी दसरा झाला की टोळीबरोबर ऊस तोडायला जायचे, ते उन्हाळा लागल्यावर परत. सुमीला आधीची दोन वर्षं बरोबर नेली होती. फडावर पाचटाच्या कोपीत, झोपडीत, वाढलेली पोर. बोलायची कमी, सारखी हात लावत फिरायची. दाराची कडी, माझ्या बांगड्या, गाईचं शिंग, सगळ्यावरनं बोट. वाड्यातल्या बायका म्हणायच्या पोरीला कमी दिसतंय, कोण म्हणायचं डोक्यानं कमी आहे. गयामाय म्हणायची, "माझ्यावर गेली."

त्या पावसाळ्याच्या शेवटी तिनं एक खूळ काढलं. लेकरांना बैलगाडीत घालून चारठाण्याला न्यायचं, जुन्या देवळाकडे. आमच्या वाड्यात चर्चा सुरू झाली, आपण देवळात कशाला जायचं. एका म्हाताऱ्यानं तिला रस्त्यात अडवून विचारलं. ती म्हणाली, "देवाला न्हाई दादा, खांबाला चाललोय." गावातल्या कुणब्यांनी ते ऐकलं आणि त्यांचीही चार लेकरं गाडीत आणून बसवली. खांब बघायला काय हरकत.

तिथं गेल्यावर लेकरं उंडारली. सुमी मात्र एका खांबाला चिकटली. तळहात टेकवून खांबाभोवती फिरायची, मग टाचा उंच करून थोडं वर फिरायची. मग आजीकडे आली आणि हात वर केले. गयामायनं खांद्यावर घेतलं. वरच्या भागावरनं हात फिरवला आणि पोरीनं तोंड उघडलं.

"माय, खाली पाट हाय. वर भाकर हाय."

"आन् मधी?"

पोर बराच वेळ चाचपत राहिली. "मधी कोपरे लय झाले. लय झाले म्हणून बारीक झाले. बारीक झाले म्हणून सरले."

मी तो खांब याआधी दहा वेळा पाहिला होता. खाली चौकोनी, मधे आठकोनी, वर गोल. मला कधी दिसला नव्हता. चार वर्षांच्या पोरीनं हातानं दाखवला तेव्हा दिसला. गयामाय नातीला खांद्यावर तशीच घेऊन देवळाबाहेर आली आणि गाडीवानाकडनं तंबाखू मागून घेतली. ती खूष असली की दुसऱ्याची तंबाखू खायची.

आता मुद्द्याचं. दसऱ्याच्या सुमाराला निरोप आला की तालुक्याहून एक बाई येणार आहेत. आमची बालवाडी ठेवायची, की शेजारच्या गावी चांगली पक्की खोली आहे तिकडे हलवायची, हे त्या बघून ठरवणार. लेकरांना रंग आणि आकार ओळखता आले पाहिजेत. हे ऐकलं तसं गयामायच्या मुलानं आईला सांगितलं की बालवाडी राहिली तर सुमीला तुझ्यापाशी ठेवतो. गेली तर तू पुन्हा रानात खुरपायला जाशील, मग पोरीला बघणार कोण? संगं नेतो. बाई चार दिवसांनी येणार होत्या, आणि टोळीची गाडी त्याच्या पुढच्या चार दिवसांनी निघणार होती.

गयामाय रोजची कामं करत राहिली. पण बाई येईपर्यंतच्या त्या चार दिवसांत तिनं लेकरांना एकदाही "पाव्हणं" म्हटलं नाही, हे माझ्या लक्षात आलं.

आणि इथं मी माती खाल्ली. बाई यायच्या दिवशी पहाटे गयामाय पाव्हणीसाठी चांगला गूळ आणायला पलीकडच्या वाडीला गेली. मी समाजमंदिर उघडलं. जमिनीवर अंगठ्याच्या वेड्यावाकड्या रेघा, पांढरी माती ठिकठिकाणी उडालेली, मधे खड्डा. मला वाटलं, सरकारी माणूस येणार आणि असली जमीन? आपल्यात पाव्हणा यायचा म्हणजे पहिलं काय करतो आपण? सारवतो. मी पदर खोचला, शेण कालवलं, आणि इतकी गुळगुळीत जमीन सारवली की माझ्याच हाताचं मला कौतुक वाटलं. गोल, तिकोन, चौकोन, सगळं त्याच्याखाली.

लेकरं आली ती दारातच थांबली. रोज आपापल्या आकारात बसणारी पोरं, कुणाला जागाच सापडेना. सुमीनं खाली बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"बाई, माझा पाट कुठं गेला?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि बाहेर जीप वाजली.

तालुक्याच्या बाई गोऱ्या, चष्म्यातल्या, हातात जाड वही. आत पाऊल टाकायला गेल्या आणि चप्पल ओल्या शेणात रुतली. मागे सरून उंबऱ्यावरच उभ्या राहिल्या, एका हातानं निऱ्या वर धरून, बगळ्यासारख्या. मी पुठ्ठ्याचं पान उचलून लेकरांना विचारलं हा कोणता आकार. एक नाही बोललं. दुसरं पान. नाही. सगळी जमिनीकडे बघत होती. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मला रडू फुटायच्या बेतात होतं.

गयामाय आली. डोक्यावर घागर, हातात गुळाची पुडी. जमीन बघितली, मला बघितलं. म्हणाली, "कुणी पुसलं?"

"मी."

वाटलं आता ही मला उभी चिरते. तिनं घागर उतरवली, पुडी कोनाड्यात ठेवली, एक बोट जमिनीला लावून बघितलं किती ओली आहे ते. आणि चार दिवसांनी पहिल्यांदा हसली.

"बरं झालं. सगळ्यांला उकरायला जागा झाली." मग उंबऱ्याकडे वळून, "बाईसाहेब, जराशी सबूर करा." आणि लेकरांना, "या पाव्हणं, आपापलं घर मांडा."

पुढचं मी जन्मात विसरणार नाही. वीस-बावीस लेकरं त्या गुळगुळीत जमिनीवर उकिडवी बसली आणि बोटांनी कामाला लागली. दोन वर्षांचा एक गडी पुढेमागे, पुढेमागे नुसत्या रेघा ओढत गुडघ्यांनी भिंतीपर्यंत गेला. तिनाची एक पोर जीभ बाहेर काढून गोल काढत होती. चाराची एक पाट काढत होती, दर कोपऱ्याला बोट उचलून श्वास घ्यायची आणि परत टेकवायची. पाचाचा एक जण चुलीशी झगडत होता, पुसत होता, पुन्हा काढत होता.

आणि गयामाय कडेकडेनं हिंडत बाईंना सांगत होती, भाजीवाली भाजी दाखवते तसं. "हे दोनाचं. रेघ पुढं पळती, ते मागं पळतंय. हे तिनाचं. गोल काढायचा म्हणजे लय धीर लागतो, जिथनं निघालं तिथंच परत यायचं असतंय. हे चाराचं, ह्याला आता थांबता येतंय. थांबता आल्याबिगर कोपरा व्हत न्हाई. आन् हे पाचाचं. तिरपी रेघ लय वांड, हातातनं निसटती. त्याला अजून वरीसभर लागंल. पर मी घाई करत न्हाई."

बाईंचं लिहिणं थांबलं होतं. त्यांनी चौकोनाचं पान माझ्याकडनं मागून घेतलं आणि सुमीपुढे धरलं. नकळत ते टोकावर उभं धरलं गेलं.

"हा काय आहे बाळ?"

सुमीनं मान हलवली. "पाट न्हाई हा."

मला वाटलं, गेली बालवाडी. गयामायचा चेहरा मी पाहिला, तोही उतरला होता. पण तिनं स्वतःचा अंगठा मुठीत धरून ठेवला होता, मी बघत होते. सबूर हा शब्द ती त्या दिवशी स्वतःला म्हणत असणार.

सुमीनं शेणाचा हात परकराला पुसला, पान घेतलं आणि कडेवरनं बोट फिरवलं. एक कोपरा, दुसरा, तिसरा, चौथा. मग हलकेच ते फिरवून सरळ केलं आणि बाईंना परत दिलं.

"पाटच हाय. तुमीच तिरपा धरलाव."

त्या बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. मग काय केलं माहीत आहे? चपला बाहेर काढल्या आणि सरळ त्या ओल्या जमिनीत आत आल्या, पावलं उमटवत. लेकरांच्या ओळीत उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "मलाही एक घर द्या." गयामायनं त्यांना दोन वर्षांच्या गड्याशेजारी जागा दिली. "इथं बसा पाव्हणं," म्हणाली.

जाताना गूळपाणी घेऊन बाई म्हणाल्या की बालवाडी इथेच राहील, तसं लिहिते. आणि पुढच्या सोमवारपर्यंत ही जमीन कुणी सारवू नका.

त्यानंतर चौथ्या दिवशी टोळीची गाडी निघाली. सुमी आजीच्या कडेवर होती. आईचं तोंड दिसेनासं झालं तसा तिचा ओठ वाकडा व्हायला लागला. मग गाडीचं चाक फिरताना तिला दिसलं, लांबूनच, हात न लावता. म्हणाली, "माय, आई भाकरीवर बसून गेली." गयामायनं माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच्या कपाळाखाली बोट लावून दाखवलं. चढला म्हणून. डोळा वर चढला.

त्याच संध्याकाळी तिनं माझी तंबाखू मागितली. मी तंबाखू खात नव्हते, तरी कुणाकडनं तरी मागून आणून दिली.

सुमी आता पाथरीला असते, बायकांचे झंपर शिवते. खडूची रेघ न मारता कापडात कात्री घालते, गिऱ्हाइकांचा जीव वरखाली होतो.

गयामायला मी शेवटची पाहिली ती बऱ्याच वर्षांनी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. ऑपरेशनला चल म्हणून सुमी मागे लागलेली, आणि ही म्हणायची सुगी झाल्यावर. मी अंगणात गेले तर ही बाई ओटा सारवत होती. मी काही न बोलता समोर जाऊन बसले. तिनं शेणाचा हात पदराला पुसला, माझ्या तोंडावरनं फिरवला, नाकापाशी थांबली आणि म्हणाली, "बाई, जाड झालीस." मी म्हटलं दिसायला लागलं की तुला. ती म्हणाली, "डोळा उतरलाय परत बोटांत. वर लय वरसं ऱ्हाला, आता खाली ऱ्हायला आलाय. त्याचं काय रडायचं."

मी निघाले तेव्हा मागे वळून बघितलं. ती उंबऱ्याशी वाकली होती आणि ओल्या ओट्यावर अंगठ्यानं भाकर काढत होती, एका दमात, न बघता. रेघ जिथनं निघाली होती तिथंच येऊन बरोब्बर मिळाली. वर मान करून तिनं अंदाजानं माझ्या दिशेला हात हलवला. मी जरा डावीकडे होते. मग मीच उजवीकडे सरकले आणि हात हलवला.

तर असं आहे अश्विनी. तुझं लेकरू तिनाचं साडेतीन झालंय. गोल काढतं, बंद करतं, हे तूच फोनवर सांगितलंस, रडता रडता. म्हणजे जिथनं निघालं तिथं परत यायला शिकलं ते. थांबायलाही शिकेल. ती शिकवणी बंद कर.

आणि या सुट्टीत त्याला घेऊन ये. घरात सगळीकडे फरशी झाली असली तरी मागच्या गोठ्याची जमीन मी कुणाला फरशीची करू दिलेली नाही. परभणीला उतरलीस की तिथनंच फोन कर. जिंतूरवरनं येणारी एसटी गावच्या फाट्यावर यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात माझं सारवून होतं. मधे कुठं चहाला थांबू नकोस. सारवण वाळायच्या आत पोचा.